उतार किती लांब हवा?

माझी धाकटी बहीण यंदा पहिलीत आली. ती चाकाच्या खुर्चीवर बसते. शाळेला पायऱ्या तीन. बाजूला उतार आहे, पण तिथं खुर्ची ढकलताना माझे हात भरून येतात. उतरताना तर ती डोळेच मिटून घेते!

गुरुजींकडून टेप घेऊन मोजलं. उंची दीड फूट, उतार सहा फूट. गुरुजी म्हणाले, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे अठरा फूट हवा, शिवाय धरायला कठडा. घाटातला रस्ता नाही का वळणं घेत चढतो, तसंच हे.

दिव्यांग मुलांना शाळेची इमारत वापरता आलीच पाहिजे, असं २०१६ च्या कायद्यात आहे.

समोर हापसा आहे, पण भिंतीकडेनं नेला तर अठरा फूट जागा निघते. पालकांनो, आलाच आहात तर तुम्हीही मोजून बघा.

– इयत्ता ५ वी, जि. प. प्राथमिक शाळा, जि. जालना