परक्या नगरात लावलेली बाग

शास्त्रपाठ : यिर्मया २८:१-११, २९:१-१४, दानीएल १:१-१६

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली. कचेऱ्यांबरोबर नोकरदारांची बिऱ्हाडेही हलली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी माणसे आणली. आम्हा भोपाळच्या मराठी ख्रिस्ती लोकांपैकी कित्येकांची घरे अशीच येथे आली.

घर सोडून आलेल्या माणसाच्या मनात दोन अपेक्षा असतात. पहिली, आपण लवकर परत जाऊ. दुसरी, तोपर्यंत आपले घर होते तसेच राहील. पहिली वर्षानुवर्षे लांबत जाते. दुसरी मुले शाळेत जाऊ लागताच मोडते. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. आजीला वाटते, नातू दुरावला. नातवाला वाटते, आपण काहीही केले तरी चुकतेच. सून परक्या शेजारात दिवसभर एकटी असते. गावी पत्र मात्र जाते की, आम्ही सर्व खुशाल आहोत. मग मनातला ताण घरातच रागावाटे बाहेर पडतो. आज परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या घरीही हेच घडते. याविषयी शास्त्र काय शिकवते ते पाहू.

१. गोड पण खोटी आशा. बंदिवान दोन वर्षांत परत येतील, असे हनन्याने सांगितले. तसे व्हावे असे यिर्मयालाही वाटत होते; तो प्रथम आमेन म्हणाला (२८:६). परंतु देवाचे वचन निराळे होते. यिर्मयाने बाबेलास पत्र धाडले, त्यात सत्तर वर्षे लिहिली होती. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या पुष्कळांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. हे सत्य कठोर खरे, पण त्यातच दया होती. कारण उद्या निघायचे असे मानणारा मनुष्य आज झाड लावीत नाही.

२. मुळे धरणे. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, अशी देवाची आज्ञा होती. पेटी बांधलेलीच ठेवून जगणे म्हणजे विश्वास नव्हे. परत नेण्याचे वचन देवाने दिलेच होते. त्याची वेळ मात्र त्याने आपल्या हाती ठेवली.

३. काय घ्यावे, काय राखावे. दानीएलाने खास्द्यांची भाषा व विद्या शिकून घेतली. त्याला नवे नावही मिळाले. परंतु राजाच्या ताटाने स्वतःला विटाळवावयाचे नाही, हा त्याचा निश्चय होता. मुलाची हिंदी हे पाप नाही. मराठी त्याला कौटुंबिक उपासनेत प्रेमाने द्यावी, शिक्षा म्हणून नव्हे. पालकांनी भाषेपेक्षा विश्वासाची अधिक काळजी वाहावी.

४. नगराचे हित. ज्या नगरात आपण राहतो त्यासाठी प्रार्थना करावी, असे त्या पत्रात आहे (२९:७). २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला. त्याने कोणाची मातृभाषा विचारली नाही. शेजाऱ्याचे दुःख तेच आमचे दुःख, हे त्या रात्रीने शिकवले. ज्या नगरासाठी आपण रडलो ते परके कसे म्हणावे?

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, नव्याने आलेल्या कुटुंबाला केवळ "कसे आहात?" असे विचारून थांबू नका. त्यांच्या घरी जा, जेवायला बोलवा, आणि "जड जाते का?" असेही विचारा. खुशाल नाही असे सांगण्याची जागा मंडळीत असली पाहिजे.

शब्बाथशाळेच्या वर्गासाठी प्रश्न :
(१) हनन्याचा संदेश लोकांना का आवडला असेल?
(२) आपल्या मुलांकडून आपण अशी कोणती अपेक्षा करतो, जी देवाने केलेली नाही?
(३) आपल्या नगरासाठी आपण शेवटची प्रार्थना केव्हा केली?

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हास जेथे आणले आहेस तेथे मनापासून राहण्यास शिकव. आमच्या अपेक्षांचे ओझे लेकरांच्या खांद्यांवर पडू देऊ नको. आमेन.