जुनी चांदीची नाणी : स्वच्छता की नाश?

शहापूर व मुरबाड तालुक्यांत नांगरट करताना, विहीर किंवा घराचा पाया खोदताना जुने नाणे सापडल्याचे अधूनमधून कानी येते. अलीकडे काही तरुण मेटल डिटेक्टर घेऊनही हिंडतात. नाणे हाती आले की पहिला विचार येतो तो घासून लख्ख करण्याचा. हा विचार किती घातक आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

आमच्या लहानपणी शेजारच्या शेतात विहीर खणताना एक लहानसे काळे नाणे निघाले. आम्ही मुलांनी ते राख व चिंच लावून तासभर घासले. चांदी चकाकली, पण अक्षरे गेली. पुढे एका जाणकार गुरुजींना दाखविले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आता ही नुसती चांदी उरली."

नाण्यावरील अक्षर म्हणजे इतिहासाचा पुरावा. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपारा येथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला. त्यात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावरील लेख शाबूत होता, म्हणूनच राजाचे नाव कळले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान राजाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठविला होता. एका राजाचा पराभव व दुसऱ्याचा विजय एकाच नाण्यावर वाचता येतो. ही नाणी घासली असती, तर?

याच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. बँकेत नोकरी करणाऱ्या आम्हांस हा हिशेब वाचून आनंद वाटला. धम्मदानाचा असा इतिहास लेखांत आहे, तसाच नाण्यांतही आहे.

चांदी काळी का पडते? हवेतील व मातीतील गंधकाशी तिचा संयोग होऊन वर काळा थर बसतो. नाण्यात तांबे मिसळलेले असल्यास हिरवट पुटे येतात. घासताना थराबरोबर चांदीही झिजते, आणि उंच असलेली अक्षरे आधी जातात. फार वर्षे मातीत राहिलेली चांदी ठिसूळही होते. सोडा व ॲल्युमिनियमच्या कागदाने काळेपणा जातो हे खरे, परंतु तो उपाय घरातील भांड्यांपुरता ठीक; जुन्या नाण्याला नको.

मग काय करावे?

१. नाणे कडेने धरावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. जागा, तारीख व खोली वहीत लिहावी.

२. सुटी माती काढायचीच असेल, तर नाणे शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात ठेवावे. नळाचे पाणी, लिंबू, चिंच, राख, दंतमंजन, ब्रश काही वापरू नये.

३. मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये. सावलीत वाळू द्यावे.

४. घट्ट चिकटलेला थर तसाच ठेवावा. ते काम संग्रहालयातील तज्ज्ञांचे आहे.

५. स्वच्छ कागदात वेगवेगळे गुंडाळावे. रबर व प्लॅस्टिकची साधी पिशवी टाळावी.

कायदाही ध्यानात ठेवावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संरक्षित लेणी व किल्ल्यांच्या आवारात परवानगीशिवाय खोदणे हाही गुन्हा आहे. म्हणून ठेवा दिसताच खोदकाम थांबवावे व तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयात कळवावे.

मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात कार्षापणांच्या दानाची नोंद आहे. त्या वाटेने व्यापारी गेले, त्यांचे पैसेही गेले. एखादे नाणे उद्या आपल्याच शेतात निघेल. विद्यार्थी मित्रहो, त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांच्या हातातील राख-चिंच बाजूला ठेवून एवढेच सांगा : आधी वाचू द्या.