तुळस घरात घेताना

तुझ्या आईचा काल फोन आला होता. म्हणाली, मिसिसागाला नवं घर घेतलंय, पोरीला तुळस आणि कढीपत्ता लावायचाय, तूच सांग तिला काय ते. म्हणून लिहिते आहे. सप्टेंबर संपत आलाय, तेव्हा वेळ घालवू नकोस.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. इथली झाडं बर्फानं मरतात असं सगळे म्हणतात, पण घरात घेतलेलं झाड मरतं ते अंधारानं आणि ओल्या पायांनी. डिसेंबरात इथला दिवस नऊ तासांहूनही थोडा लहान असतो. पुण्यात त्याच दिवसांत अकरा तास उजेड मिळतो. शिवाय इथला सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम तेवीस अंशांवर येतो, म्हणजे तुला खिडकीत लख्ख ऊन दिसलं तरी त्यात जोर नसतो. झाड अर्धपोटी असतं. अर्धपोटी झाड पाणी पीत नाही आणि आपण मात्र माहेरच्या सवयीनं घालत राहतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला, सांगलीच्या अंगणात घालायचो तसं. डिसेंबरात पानं खालून पिवळी पडायला लागली. मला वाटलं तहानली असेल, म्हणून आणखी पाणी घातलं. संक्रांतीच्या आधी ती गेली. कुंडी उलटी केली तर मुळं काळी पडून बोटाला चिकटत होती आणि मातीला कुजका वास येत होता. फार लागलं मनाला. आता पूजेच्या वेळी मी पळीभरच पाणी घालते आणि हळदकुंकू कुंडीच्या काठाला लावते. खरं पाणी वेगळं, ते गरज पडेल तेव्हा.

ती गरज कशी ओळखायची? कुंडी उचलून बघ. पाणी घातल्यावर लगेच एकदा उचल, म्हणजे भरल्या कुंडीचं वजन हाताला कळेल. दोनतीन दिवसांनी परत उचल. हलकी लागली आणि बोटाचं पहिलं पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं, तेही कोमट, आणि खालच्या भोकातून वाहेपर्यंत. अर्ध्या तासानं ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. ताटलीत साचू द्यायचं नाही, एवढं माझं ऐकच.

आता दिवा. जांभळे-गुलाबी दिवे घेऊ नकोस. झाडं त्यातही वाढतात, पण त्या रंगात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हेच आपल्याला दिसत नाही, आणि देवाजवळच्या कोपऱ्यात तो उजेड बरा वाटत नाही. साधा पांढरा एलईडी पॅनेल किंवा दोन फुटी ट्यूब घे. दोन कुंड्यांना तीस-चाळीस वॅट पुरतात. दिवा शेंड्यापासून साधारण वीतभर ते फूटभर वर हवा. छतावरच्या दिव्याचा काही उपयोग नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्यानं उतरतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण डोळे अंधाराला जुळवून घेतात. फोनवर लक्स मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं. ते पानांशी धरून बघ. संध्याकाळी दिवे लावलेल्या हॉलमध्ये दोन-तीनशे लक्स येतील, आणि तुळशीला दहा ते पंधरा हजार लागतात. हा आकडा पाहिल्यावर दिवा खाली आणावासा तुझा तुलाच वाटेल. दिवा साखळीवर टांग, म्हणजे झाड वाढेल तसा वर घेता येतो. शेंड्यावर हात ठेवून बघ. हाताला चटका लागत असेल तर पानालाही लागतो.

टायमर लाव. सकाळी सातला चालू, रात्री नऊला बंद, म्हणजे चौदा तास झाले. रात्रभर दिवा ठेवू नकोस, तिलाही रात्र हवी असते. चाळीस वॅटचा दिवा महिनाभर असा चालला तर सतरा युनिटच्या आतच वीज जाते. आणि एक, वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोड. पाणी ओघळलं तर झोळातून थेंब खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही.

कुंडीचं मोठेपण बघून भुलू नकोस. लहान झाडाला मोठी कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते. तुळशीला आठ-दहा इंची पुरे. कढीपत्त्याला आत्ताच्या कुंडीपेक्षा दोन इंचच मोठी, आणि बदलायची ती वसंतात. मी मातीचीच कुंडी घेते, तिच्या अंगातून ओल उडते. पण ती बेसमेंटच्या गार फरशीवर टेकवू नकोस, खाली लाकडी फळी ठेव. तळाला खडे घालायची आपली रीतही इथे सोडून दे. खड्यांनी पाणी लवकर निचरत नाही, उलट ओला थर वर सरकून मुळांशी येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की झालं. माती बागेतली खणून आणायची नाही. कुंडीसाठी मिळणारं तयार मिश्रण दोन भाग आणि परलाइट एक भाग, त्यात मूठभर गांडूळखत.

रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरायच्या आत झाडं घरात यायला हवीत, थँक्सगिव्हिंगची वाट पाहू नकोस. आत आणण्याआधी शॉवरखाली धू, पानांच्या मागची बाजू विशेष. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी माजतो. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटक. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर तोच. दर आठवड्याला धुतलंस तर तो आटोक्यात राहतो. हवेच्या जाळीसमोर कुंडी ठेवायची नाही. मातीवर बारीक चिलटं उडायला लागली तर समज, पाणी जास्त होतंय.

तुळशीच्या मंजिऱ्या येतील तशा खुडत जा, नाहीतर तिचा सगळा जीव बियांत जातो. कढीपत्ता जानेवारीत पानं गाळेल. घाबरून खत घालू नकोस. खोडावर नखानं हलकंसं खरवड. आत हिरवं दिसलं तर तो झोपलाय एवढंच, त्याला पाणी कमी करायचं आणि थांबायचं. माझा एक फेब्रुवारीभर नुसती काठी होता. मार्चच्या शेवटी काठीच्या टोकाला मोहरीएवढा तांबूस कोंब आला, तेव्हा मी तुझ्या आईला फोन करून उठवलं होतं. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

मे महिन्यात व्हिक्टोरिया डे उलटला की बाहेर काढ, पण एकदम उन्हात नाही. आधी सावलीत तासभर, मग वाढवत आठ-दहा दिवसांत. दिव्याखालचं पान कोवळं असतं, उन्हानं पांढरं पडतं.

भारतातून रोप आणायचा विचार करत असशील तर सोडून दे, मातीसकट काही आणायला इथे बंदी आहे. माझ्या तुळशीच्या चार फांद्या मी काचेच्या पेल्यात लावल्या आहेत. खालची पानं काढली, पाणी दोन दिवसांनी बदलते. परवा त्यातल्या दोघींना पांढरी मुळं दिसली, दोऱ्याएवढी. त्यातली एक तुझी. आत्ता दिव्याखाली गेली तर कार्तिकात तुळशीचं लग्न लावण्याएवढी होईल. ऊस भारतीय दुकानात मिळतो, मी आणून ठेवीन.

शनिवारी ये. येताना कुंडी आण, आठ इंची, खाली भोकं असलेली.