डिजिटल शिक्षण आणि सामोअन संस्कृती : वर्गातील शिक्षकापुढील प्रश्न

शाळेत संगणक येतो तेव्हा त्याच्यासोबत एक भाषा येते, ज्ञानाची एक विशिष्ट मांडणी येते आणि गुरु-शिष्य संबंधांविषयीची एक कल्पनाही येते. मोठ्या भाषांच्या शाळांत ही बाब सहसा लक्षात येत नाही. लहान भाषासमूहाच्या शाळेत मात्र ती पहिल्याच दिवशी जाणवते. दक्षिण प्रशांत महासागरातील सामोआ हा द्वीपदेश आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेला सामोअन समाज यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. डिजिटल साधनांमुळे संस्कृती टिकते की झिजते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सामोअन मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा अनुभव असे सुचवतो की, साधन कोणते यापेक्षा ते कोणाच्या भाषेत, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या नात्यांच्या चौकटीत वापरले जाते, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

उपोलू आणि सवाई ही सामोआची दोन प्रमुख बेटे असून आपिया ही राजधानी आहे. १९०० ते १९१४ या काळात हा प्रदेश जर्मनीच्या ताब्यात होता. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये न्यूझीलंडने तो ताब्यात घेतला. १ जानेवारी १९६२ रोजी सामोआ स्वतंत्र झाला. विसाव्या शतकात स्वातंत्र्य मिळवणारा तो प्रशांत द्वीपसमूहातील पहिला देश होय. 'पश्चिम सामोआ' हे नाव १९९७ मध्ये बदलून 'सामोआ' असे करण्यात आले. पूर्वेकडील अमेरिकन सामोआ हा अमेरिकेच्या अखत्यारीतील स्वतंत्र प्रदेश असून त्याचा या देशात समावेश होत नाही.

सामोआची लोकसंख्या सुमारे दोन लाख आहे. न्यूझीलंडमधील सामोअन वंशीयांची संख्याही २०२३ च्या जनगणनेनुसार दोन लाखांहून अधिक आहे. म्हणजे मायभूमीतील आणि परभूमीतील समाज जवळजवळ सारख्याच आकाराचे आहेत. न्यूझीलंडमध्ये इंग्रजी आणि माओरी यांच्यानंतर सर्वाधिक बोलली जाणारी भाषा सामोअन आहे. तथापि तेथील सामोअन वंशीयांमध्ये ही भाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण सातत्याने घटत आले असून २०१८ च्या सुमारास ते जवळपास निम्म्यावर आले. शाळेपुढील प्रश्नाचे गांभीर्य या घसरणीत आहे.

मुद्रणकला आणि संगणक : दोन आगमनांतील फरक

सामोअन समाजात नवे तंत्रज्ञान प्रथमच आले, असे नव्हे. १८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सामोआत पोहोचले. त्यानंतर भाषेला रोमन लिपी मिळाली, छापील पुस्तके आली आणि १८५५ मध्ये संपूर्ण बायबल सामोअन भाषेत प्रसिद्ध झाले. गावोगावच्या धर्मोपदेशकांच्या शाळांत मुले वाचावयास शिकली, ती प्रथम आपल्याच भाषेत. मुद्रणकला परकीय होती. पण तिने सामोअन भाषेला ग्रंथभाषेचा दर्जा दिला.

संगणकाचे आगमन याच्या उलट झाले. आज्ञावली, कळफलक, शोधयंत्रे आणि शैक्षणिक मजकूर हे सारे इंग्रजीतून आले. सामोआतील शाळांत प्राथमिक स्तरावरील प्रारंभीचे शिक्षण सामोअन भाषेत होते, पुढे इंग्रजीचा वाटा वाढत जातो आणि माध्यमिक स्तरावर इंग्रजी हेच प्रमुख माध्यम ठरते. डिजिटल साधनांमुळे हे स्थित्यंतर अधिक लवकर होण्याची शक्यता असते. पडद्यावर प्रावीण्य मिळवणाऱ्या मुलाला आजीशी मोकळेपणाने बोलता येत नाही, ही विसंगती त्यातूनच निर्माण होते.

'फाआ सामोआ' आणि 'वा'

सामोअन जीवनपद्धतीला 'फाआ सामोआ' असे म्हणतात. विस्तारित कुटुंब म्हणजे 'आइंगा' हा तिचा पाया होय. कुटुंबाने निवडलेला पदधारक प्रमुख म्हणजे 'मताई'. गावाचे निर्णय मताईंच्या सभेत, म्हणजे 'फोनो'मध्ये घेतले जातात. अधिकाराची वाट सेवेतून जाते, अशा आशयाची म्हण सामोअन समाजात सर्वपरिचित आहे. धाकट्यांनी वडीलधाऱ्यांची सेवा करत शिकावे आणि कालांतराने जबाबदारी स्वीकारावी, असा तिचा भावार्थ.

या जीवनपद्धतीतील शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची संकल्पना 'वा' ही आहे. दोन व्यक्तींमधील, तसेच व्यक्ती आणि समूह यांच्यातील नात्याचा अवकाश म्हणजे 'वा'. हा अवकाश रिकामा नसतो. तो दोघांना जोडतो आणि म्हणूनच तो जपावा लागतो. सामोअन लेखक आल्बर्ट वेंड्ट यांनी आपल्या लेखनातून ही संकल्पना जगापुढे मांडली. न्यूझीलंडच्या शिक्षणक्षेत्रातही प्रशांत समाजांतील मुलांच्या अध्यापनाचा विचार करताना नात्यांचे हे भान मध्यवर्ती मानले जाते.

वर्गातील मौनाचा अर्थ

वडीलधाऱ्यांसमोर ऐकावे, मध्येच बोलू नये, नजरेला नजर भिडवू नये, असे संस्कार घेऊन सामोअन मूल शाळेत येते. प्रश्न विचारणे आणि मत मांडणे हे बुद्धिमत्तेचे लक्षण मानणाऱ्या शाळेत त्याच्या मौनाचा अर्थ चुकीचा लावला जातो. मूल मंद आहे किंवा त्याला रस नाही, असा निष्कर्ष काढला जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात ते मौन आदराचे असते.

येथे डिजिटल माध्यम उपयोगी पडते. वर्गात हात वर न करणारे मूल सामायिक दस्तऐवजात टिप्पणी लिहिते, आपले वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवते किंवा गटातील मित्रांसोबत सादरीकरण तयार करते. शिक्षकाचा अनादर न करता त्याला आपले म्हणणे मांडता येते. परंतु याच माध्यमाची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक मूल आपापल्या पडद्यात मग्न झाले तर एकत्र बसून ऐकण्याची सवय कमी होते. सामोअन परंपरेत वक्तृत्वाला, म्हणजे 'लाउंगा'ला, असाधारण महत्त्व आहे आणि वक्तृत्व शिकण्याची पहिली पायरी दीर्घकाळ ऐकणे ही आहे. यास्तव पडद्यावरील काम कोठे थांबवावे आणि मुलांना गोलाकार केव्हा बसवावे, हा निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. कोणतीही आज्ञावली तो घेऊ शकत नाही.

भाषेचे बारकावे आणि यंत्राच्या मर्यादा

सामोअन वर्णमालेत मूळची १४ अक्षरे असून परभाषांतून आलेल्या शब्दांसाठी आणखी ३ अक्षरे वापरली जातात. स्वराचे दीर्घत्व दाखवणारी आडवी रेघ आणि कंठातील क्षणिक अवरोध दाखवणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह यांना अर्थदृष्ट्या महत्त्व आहे. 'तामा' या शब्दातील अखेरचा स्वर ऱ्हस्व असेल तर 'मूल' आणि दीर्घ असेल तर 'पिता' असा अर्थ होतो. 'फाइ' म्हणजे करणे. पण मध्ये कंठातील अवरोध आला की त्याच ध्वनींचा अर्थ 'केळे' होतो. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत जसा भेद आहे, तसाच हा. सामान्य इंग्रजी कळफलकावर ही चिन्हे सहज उमटत नाहीत. परिणामी मुले ती गाळून लिहितात आणि लेखनातील ही सवय वाचनात व उच्चारात उतरते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न आदरार्थी शब्दसंग्रहाचा आहे. सामान्य घराला 'फाले' म्हणतात. तेच घर उच्चपदस्थ मताईचे असेल तर 'माओता' आणि वक्त्या मताईचे असेल तर 'लाओआ' असा शब्द वापरावा लागतो. म्हणजे योग्य शब्द निवडण्यासाठी बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, या तिघांमधील नाते माहीत असावे लागते. २०१६ पासून गुगलच्या भाषांतरसेवेत सामोअन भाषेचा समावेश आहे. यंत्र शब्दाला शब्द देते. मात्र घर कोणाचे आहे हे त्याला ठाऊक नसते. तेव्हा यांत्रिक भाषांतराला बंदी करण्यापेक्षा, यंत्राने दिलेले वाक्य घरी नेऊन मोठ्यांकडून सुधारून आणावयास सांगणे, हा अधिक फलदायी स्वाध्याय ठरू शकतो. त्यामुळे आजी-आजोबा शिक्षणप्रक्रियेत पुन्हा सहभागी होतात.

उपलब्धतेचा प्रश्न

सामोआसारख्या दूरस्थ द्वीपदेशात इंटरनेटचा प्रश्न आधी भौगोलिक आहे. सामोआला फिजीशी जोडणारी 'तुई-सामोआ' ही समुद्राखालील केबल २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. २०२० मध्ये 'मनातुआ' केबलमुळे नियुए, कुक बेटे आणि फ्रेंच पॉलिनेशिया यांच्याशी जोडणी झाली. तथापि केबल किनाऱ्याला लागणे आणि प्रत्येक घरातील मुलाच्या हाती साधन येणे यांत मोठे अंतर आहे.

२०१९ च्या अखेरीस सामोआत गोवराची भीषण साथ आली. तीत ८३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. आणीबाणी जाहीर होऊन शाळा बंद करण्यात आल्या. त्यातून देश सावरत असतानाच मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. न्यूझीलंडमध्येही त्याच महिन्यात टाळेबंदी लागू झाली. तेथे शासनाने संगणकांसोबत छापील साहित्याचे संच घरोघरी पाठवले आणि दूरचित्रवाणीवर शैक्षणिक प्रसारण सुरू केले. केवळ ऑनलाइन मार्गावर विसंबून राहता येत नाही, याची ही कबुलीच होती. अनेक पिढ्या एकत्र राहणाऱ्या मोठ्या कुटुंबात एकच उपकरण असेल तर ते आधी कोणी वापरावे, हा प्रश्न तांत्रिक नसून सामाजिक असतो.

ऑकलंडमधील 'मनाइआकलानी' हा शाळासमूह या संदर्भात उल्लेखनीय आहे. अल्प उत्पन्न गटातील आणि मोठ्या संख्येने माओरी व प्रशांत वंशीय मुले असलेल्या या शाळांत पालकांनी लहान हप्त्यांत मुलांसाठी संगणक घेण्याची व्यवस्था करण्यात आली. 'शिका, निर्माण करा, इतरांना द्या' हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र आहे. मूल केवळ मजकुराचे ग्राहक न राहता निर्माता व्हावे, हा त्यामागील विचार होय.

ज्ञान कोणाचे?

निर्मिती आली की मालकीचा प्रश्न येतो. सामोअन समाजात सर्व ज्ञान सर्वांसाठी खुले नसते. वंशावळीचे ज्ञान कुटुंबे जपून ठेवतात, कारण मताईपदावरील आणि जमिनीवरील हक्क त्यावर अवलंबून असतात. असे वाद हाताळण्यासाठी सामोआत जमीन व पदविषयक स्वतंत्र न्यायालय आहे. शालेय प्रकल्पाच्या उत्साहात एखाद्या विद्यार्थ्याने आपली वंशावळ इंटरनेटवर ठेवली तर तो निव्वळ गृहपाठ राहत नाही. एकाच कथेची निरनिराळ्या गावांतील रूपेही भिन्न असतात; त्यांपैकी एक प्रसिद्ध झाले की तेच अधिकृत मानले जाण्याची भीती असते.

याउलट, हस्तकलेची नोंद करणे अनेकदा उपकारक ठरते. केवड्याच्या कुळातील पांडानस वनस्पतीच्या पानांपासून विणलेली 'इए सामोआ' ही तलम चटई विवाह, अंत्यविधी आणि क्षमायाचना अशा प्रसंगी भेट दिली जाते. तिचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला. विणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संमतीने मुलांनी या कलेचे चित्रीकरण केले, तर मोबाइल हे उपकरण पिढ्यांना जोडणारे ठरते. मात्र चित्रफीत पाहून विणकाम येत नाही. त्यासाठी विणणाऱ्या स्त्रीच्या शेजारी बसावेच लागते. चित्रफितीचे काम मुलाला तिच्यापर्यंत नेऊन सोडण्याचे आहे.

धोरणात्मक प्रतिसाद आणि भारत

न्यूझीलंडने १९९६ मध्ये सामोअन भाषेचा अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध केला. प्रशांत समाजांतील मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी 'तापासा' हा सांस्कृतिक क्षमतांचा आराखडा २०१८ मध्ये आला. 'तापासा' या शब्दाचा अर्थ होकायंत्र. २०२० पासून डिजिटल तंत्रज्ञान हा तेथील शालेय अभ्यासक्रमाचा अपेक्षित भाग झाला. भाषा, शिक्षकाचे सांस्कृतिक भान आणि तंत्रज्ञान या तीन बाबी कागदावर स्वतंत्र दिसतात. वर्गात मात्र एकाच शिक्षकाला त्या एकाच तासिकेत सांभाळाव्या लागतात.

भारत-प्रशांत द्वीप सहकार्य मंचाच्या १४ द्वीपदेशांपैकी सामोआ हा एक आहे. या मंचाची पहिली शिखर परिषद २०१४ मध्ये सुवा येथे झाली, नंतरच्या परिषदा २०१५ मध्ये जयपूर आणि २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबी येथे झाल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावर अनेक भारतीय भाषांतील साहित्य उपलब्ध आहे. गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलांपर्यंत डिजिटल शिक्षण नेताना सामोअन वर्गातील प्रश्न भारतालाही विचारावे लागतील.

समारोप

डिजिटल साधने संस्कृतीची शत्रू नाहीत आणि तारणहारही नाहीत. मुद्रणकला सामोअन भाषेत रुजली, कारण तिने समाजाच्या भाषेत प्रवेश केला. संगणकाला तो मार्ग अद्याप पूर्णपणे मिळालेला नाही. तो मिळवून देणे हे शासन, तंत्रज्ञ आणि समाज यांचे संयुक्त कार्य आहे. तोपर्यंत शिक्षकाच्या हाती एक साधी कसोटी राहते : आजचा पाठ संपल्यावर मूल आपल्या माणसांच्या अधिक जवळ गेले की त्यांच्यापासून दूर? उपकरणांची संख्या मोजणे सोपे आहे. परंतु या प्रश्नाच्या उत्तरावरच त्या उपकरणांचे मूल्य ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'वा' ही संकल्पना स्पष्ट करून डिजिटल अध्यापनातील तिचे महत्त्व विशद करा.
२. लहान भाषासमूहांच्या संदर्भात यांत्रिक भाषांतराच्या मर्यादा सोदाहरण सांगा.
३. पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल जतन करताना संमतीचा प्रश्न का उद्भवतो? चर्चा करा.
४. डिजिटल दरी ही केवळ तांत्रिक समस्या नाही, या विधानाचे सामोआ व न्यूझीलंड यांच्या अनुभवाच्या आधारे परीक्षण करा.