पत्ता देणारा कोण? – ओळख डीएचसीपीची

रूममधल्या भिंतीवरच्या पोर्टला वायर लावली की नेट सुरू! आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस यातलं काहीच आपण टाईप करत नाही. मग हे भरतं कोण? डीएचसीपी, म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. १९९३ साली तो प्रथम मांडला गेला. १९९७ च्या आरएफसी २१३१ मधलं त्याचं रूप आयपीव्ही४ साठी आजही वापरात आहे.

काम चार पायऱ्यांत चालतं.

१. डिस्कव्हर : नव्या मशीनला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचाही माहीत नसतो. म्हणून ते २५५.२५५.२५५.२५५ वर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं.
२. ऑफर : सर्व्हर एक मोकळा पत्ता सुचवतो.
३. रिक्वेस्ट : मशीन तो पत्ता मागतं, तेही सगळ्यांना ऐकवून. दुसऱ्या सर्व्हरने काही सुचवलं असेल तर तो ते मागे घेतो.
४. अ‍ॅक्नॉलेज : सर्व्हर नोंद करून पत्ता पक्का करतो.

हा पत्ता हॉस्टेलच्या खोलीसारखाच ठराविक मुदतीचा असतो. त्या मुदतीला लीज म्हणतात. अर्धी मुदत सरली की मशीन आपणहून मुदतवाढ मागतं. २४ बिटांच्या मास्कमध्ये वापरण्याजोगे पत्ते २५४ च. सुट्टीत गेलेल्यांचे पत्ते परत आले नाहीत, तर नव्यांना द्यायचे कुठून?

आता यातली गोम बघा. उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे का, हे मशीन तपासतच नाही! बहुतेक वेळा जी ऑफर आधी येईल ती ते घेतं. आमच्या विंगमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्री अर्ध्या खोल्यांचं नेट गेलं. सगळे सर्व्हर रूमच्या नावाने ओरडत होते. मी दोन लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' देऊन पाहिलं. चालू असलेल्यावर डीएचसीपी सर्व्हर कॉलेजचा, बंद पडलेल्यावर भलताच! एका खोलीत नवा वाय-फाय राऊटर आला होता आणि भिंतीची वायर त्याच्या लॅन पोर्टला होती. तो विंगभर पत्ते वाटत होता आणि गेटवे म्हणून स्वतःलाच सांगत होता. त्याच्यापुढे बाहेर जायला रस्ताच नव्हता. वायर काढून 'रिलीज' आणि 'रिन्यू' दिलं, तेव्हा कुठे फाईली अपलोड झाल्या. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा :

• राऊटर लावायची परवानगी असेल, तर भिंतीची वायर वॅन पोर्टलाच लावा.
• पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला, तर हाकेला कुणी उत्तर दिलेलं नाही. आधी वायर तपासा.
• मनाने पत्ता टाकू नका. तोच दुसऱ्याला मिळालेला असेल तर दोघांचंही नेट अडकतं.

आणि स्टाफला विनंती, स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंगची सोय असेल तर ती चालू करा. मग फक्त ठरवून दिलेल्या पोर्टवरूनच ऑफर पुढे जाते आणि एका वायरपायी अख्ख्या विंगचं सबमिशन अडत नाही.