देशाचा नंबर वर गेला, मग माझं पेमेंट का अडकलं? रँकिंग वाचायला शिकूया



रविवारच्या व्हिडिओत रँकिंगचा विषय घाईत उरकला. वीस मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. "सर, आकडे लिहून द्या" असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. व्हिडिओत ही गोष्ट सांगायचं धाडस झालं नव्हतं.

ऑक्टोबर २०१८ च्या शेवटच्या दिवशी जागतिक बँकेचा 'डुइंग बिझनेस' अहवाल आला. कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं, याची ती यादी. १९० देशांमध्ये भारत १०० वरून थेट ७७ वर आला होता. चार वर्षांपूर्वी आपण १४२ वर होतो. मी खूश! पुढच्याच आठवड्यात सांगलीच्या बॅचमध्ये बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, '१४२ ते ७७'. आणि म्हणालो, "आता घाबरायचे दिवस गेले. मोठी ऑर्डर घ्या."

त्या बॅचमध्ये फॅब्रिकेशनचं छोटं शेड असलेला एक जण होता. दोन वेल्डर, एक हेल्पर आणि तो स्वतः. त्याला एका मोठ्या कंपनीकडून पॅनेल बॉक्सची साडेअकरा लाखांची ऑर्डर मिळत होती, ९० दिवसांच्या उधारीवर. तो आधी बिचकत होता. माझं ऐकून घेतली. पत्र्यासाठी पैसे नव्हते, आईचे दागिने तारण ठेवले. माल वेळेत दिला. ९० दिवसांनी उत्तर आलं, "पावडर कोटिंगमध्ये क्वालिटी इश्यू आहे." माल परत करत नाहीत, पैसेही देत नाहीत. असे चौदा महिने. शेवटी तडजोड करून साधारण दोन तृतीयांश रक्कम हातात आली. दागिने सुटले, पण एक वेल्डर तोपर्यंत सोडून गेला होता.

एक दिवस तो मला म्हणाला, "सर, ते ७७ कशात होतं?" त्याचा आवाज अगदी साधा होता, टोमणा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तो अहवाल मी पहिल्यांदा नीट उघडला. आधी फक्त बातमी वाचली होती, हे कबूल करतो.

आत काय होतं ते बघा.

तो एकच नंबर दहा वेगवेगळ्या विषयांचे गुण एकत्र करून काढलेला. धंदा सुरू करणं, बांधकाम परवाना, वीज जोडणी, मालमत्तेची नोंद, कर्ज, कर, आयात-निर्यात वगैरे. बांधकाम परवान्यात भारत एका वर्षात १८१ वरून ५२ वर गेला होता. वीज जोडणीत २४ वा. हे दोन आकडे वर गेल्यावर एकूण नंबर चढणारच. पण त्याच अहवालात 'कराराची अंमलबजावणी' नावाचा एक विषय होता. त्यात भारत १६३ वा. १९० पैकी १६३! पुढच्या वर्षी एकूण नंबर ६३ झाला, तेव्हाही या विषयात आपण १६३ वरच.

आता हा विषय ते मोजत कसे, ते ऐका. एक विक्रेता ऑर्डरप्रमाणे माल बनवून देतो. खरेदीदार म्हणतो, क्वालिटी बरोबर नाही, पैसे देणार नाही. विक्रेता कोर्टात जातो. पैसे हातात यायला किती दिवस लागतात? भारताचं उत्तर होतं १,४४५ दिवस. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याची गोष्ट त्या अहवालात आधीच छापलेली होती हो! मी बोर्डावर ७७ लिहिलं, तेव्हा त्याच्यासाठी खरा नंबर १६३ होता.

दुसरी गोष्ट. भारताची माहिती फक्त दोन शहरांतून घेतली जायची, मुंबई आणि दिल्ली. कुपवाड नाही, जालना नाही, चंद्रपूर नाही. तिथे काय परिस्थिती आहे, चांगली की वाईट, हे ती यादी सांगतच नव्हती. आपण बातमीत 'भारत' शब्द वाचतो आणि आपल्या गल्लीपर्यंत तो ताणतो.

तिसरी गोष्ट नंतर कळली. सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेने हा अहवालच बंद केला. आकड्यांमध्ये फेरफार झाल्याचं चौकशीत निघालं. २०१८ च्या अहवालात चीनला ७८ वा दाखवलं होतं, तो खरं तर ८५ यायला हवा होता. आता त्याजागी 'बी-रेडी' नावाचा नवा अहवाल आहे, २०२४ पासून. म्हणून कुणी अजून ६३ नंबरची स्लाइड दाखवून तुम्हाला काही विकत असेल, तर त्याला विचारा, यादी कोणत्या सालची?

याचा अर्थ रँकिंग फेकून द्या असा घेऊ नका. मी स्वतः अजून वाचतो. फक्त आता आधी विचारतो की काय मोजलंय.

देशाच्या जीडीपीचंच घ्या. एकूण आकड्यात भारत जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये बसतो. तोच आकडा माणशी वाटला तर वर्षाला ३,००० डॉलरच्या आत, आणि नंबर शंभराच्याही बराच खाली. दोन्ही आकडे खरे. स्टील विकणाऱ्याला पहिला कामाचा. पण 'देश एवढा मोठा झालाय, लोक ३०० रुपयांचा साबण घेतील' असं म्हणणाऱ्याने दुसरा बघावा. किंवा ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्स. २०१५ मध्ये भारत ८१ वा, २०२५ मध्ये ३८ वा. छान प्रगती. त्याच काळात चीन २९ वरून १० वर. दोघंही चढले, पण संशोधनावर आपण जीडीपीच्या एक टक्काही खर्च करत नाही. आपलं बळ आयटी सेवांच्या निर्यातीसारख्या गोष्टींत आहे. एकाच यादीत दोन देश वेगवेगळ्या जिन्याने वर जातात.

कंपन्यांच्या यादीत तर आणखी मजा. जगातली सगळ्यात मोठी कंपनी कोणती? विक्रीने मोजलं तर फॉर्च्युनच्या यादीत वर्षानुवर्षं वॉलमार्ट पहिली होती, म्हणजे किराणा-कपड्यांचं दुकान. शेअर बाजारातल्या किमतीने मोजलं तर एनव्हिडिया. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच लाख कोटी डॉलरला टेकणारी ती पहिली कंपनी. आणि ही एनव्हिडिया स्वतःच्या कारखान्यात चिप बनवत नाही! डिझाइन तिचं, चिप बनवते मुख्यतः तैवानची टीएसएमसी, आणि त्यासाठी लागणारं सगळ्यात प्रगत छपाई यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. तिघींमध्ये 'पहिली' कोण? प्रत्येकीचं उत्तर वेगळं.

पण मला तुम्हाला खरी गोष्ट सांगायची आहे ती बीवायडीची. लहान उद्योजकाने ही समजून घ्यायलाच हवी.

वांग चुआनफू नावाच्या रसायनशास्त्राच्या माणसाने १९९५ मध्ये चीनमधल्या शेनझेनमध्ये ही कंपनी काढली. भांडवल चुलतभावाकडून उसनं, २५ लाख युआन. सोबत वीसेक माणसं. माल काय? रिचार्ज होणारी बॅटरी. त्या बाजारात तेव्हा जपानी कंपन्यांचं राज्य होतं. त्यांच्याकडे महागड्या स्वयंचलित लाइन. वांगकडे तेवढे पैसे नव्हते. मग त्याने काय केलं? बॅटरी बनवण्याचं काम छोट्या-छोट्या पायऱ्यांमध्ये तोडलं आणि प्रत्येक पायरीवर माणूस आणि साधा जिग बसवला. यंत्र जे एका झटक्यात करतं ते पन्नास हातांनी केलं. त्यामुळे किंमत पडली. पुढे मोटोरोला गिऱ्हाईक झाली, मग नोकिया.

इथे थांबा जरा. २००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये नोकिया निर्विवाद पहिली. त्या यादीत बीवायडी कुठे होती? कुठेच नाही. ती पहिल्या नंबरच्या फोनच्या पोटात होती, यादीच्या बाहेर. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. सप्लायर मात्र तोवर दुसऱ्या गल्लीत शिरला होता. २००३ मध्येच बीवायडीने एक छोटी कार कंपनी विकत घेतली होती. गुंतवणूकदार चिडले, शेअर पडला. बॅटरीवाल्याला गाडीतलं काय कळतं, असा सूर. २००८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायरने सुमारे २३ कोटी डॉलर देऊन साधारण १० टक्के हिस्सा घेतला, तरी अनेकांना पटलं नाही. २०११ मध्ये टीव्ही मुलाखतीत बीवायडीचं नाव काढल्यावर इलॉन मस्क चक्क हसले होते.

२०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या विक्रीत बीवायडीने टेस्लाला मागे टाकलं. ५ लाख २६ हजार विरुद्ध ४ लाख ८४ हजार. २०२४ च्या पूर्ण वर्षात टेस्ला पुन्हा थोडक्यात पुढे. २०२५ मध्ये बीवायडी सुमारे साडेबावीस लाख, टेस्ला सोळा लाखांच्या थोडं वर. आता हरलं कोण? टेस्लाची शेअर बाजारातली किंमत बीवायडीच्या कितीतरी पट आहे. गाड्या मोजल्या तर एक नंबर, बाजारभाव मोजला तर दुसराच. गुंतवणूकदार, गिऱ्हाईक आणि बॅटरीचा सुटा भाग विकणारा, तिघांनी तीन वेगळ्या याद्या बघायच्या.

याच्या उलट बाजूला इंटेल. एकेकाळी संगणकाची चिप म्हणजे इंटेल. ॲपलने पहिल्या आयफोनच्या चिपसाठी विचारणा केली तेव्हा इंटेलने नकार दिला. त्यावेळचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये स्वतः सांगितलं की ॲपल देत होती तो दर आमच्या अंदाजित खर्चापेक्षा कमी होता, आणि तो अंदाजच चुकला, मालाची संख्या सगळ्यांना वाटली त्याच्या शंभरपट निघाली. कॉस्टिंगची एक चूक! नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्सच्या ३० कंपन्यांच्या यादीतून इंटेल बाहेर गेली आणि तिच्या जागी आली एनव्हिडिया. मी कॉस्टिंगच्या शीटवर एवढा जीव का काढतो, ते यावरून समजा.

तंत्रज्ञानात देशांची उलटापालट बघायची असेल तर ऑस्ट्रेलियाच्या एएसपीआय संस्थेचा आकडा लक्षात ठेवा. ६४ महत्त्वाच्या तंत्रज्ञानांपैकी २००३ ते २००७ मध्ये ६० मध्ये अमेरिका पुढे होती. २०१९ ते २०२३ मध्ये ५७ मध्ये चीन पुढे. ऐकून धडकी भरते. पण मोजलं काय? दर्जेदार शोधनिबंध. बाजारातला माल नाही. निबंधात चीन एवढा पुढे असूनही, एएसएमएलचं ते सर्वांत प्रगत यंत्र त्याला मिळत नाही, कारण नेदरलँड्स सरकार त्याच्या निर्यातीला परवानगी देत नाही. निबंध उद्याचा अंदाज देतात, यंत्र आजची परिस्थिती सांगतं.

आता गृहपाठ. तुमच्या धंद्याबद्दलची कुठलीही एक 'भारत अमुक नंबरवर' बातमी घ्या. खाली लिहा: कोणी मोजलं, कोणत्या साली, कुठल्या शहरात, आणि काय मोजलं. चौथा रकाना भरता आला नाही तर त्या बातमीवर एक रुपयाही लावू नका. मग तुमची स्वतःची यादी करा. गेल्या वर्षभरातली गिऱ्हाइकं, पैसे द्यायला किती दिवस लावले त्या क्रमाने. सगळ्यात मोठी ऑर्डर देणारा या यादीत कितवा येतो, ते बघा. माझ्या बॅचमध्ये बहुतेकांचा तो शेवटून दुसरा-तिसरा निघतो.

आणि उद्यम नोंदणी केलेली नसेल तर आजच करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. पण माल देण्याआधी नोंदणी हवी. आमच्या फॅब्रिकेशनवाल्याची नव्हती, म्हणून तो दरवाजा त्याच्यासाठी बंद होता.

आता तो ४० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय पत्रा कापत नाही. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. शेडमध्ये ऑफिसच्या भिंतीवर खडूने लिहिलंय, '१४४५'. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हा कसला नंबर? तो हसतो आणि कोटेशनचा कागद पुढे सरकवतो.

पुढच्या रविवारी पेमेंट टर्म्स कशा लिहायच्या, त्यावर व्हिडिओ येतोय. तुमचं एखादं जुनं कोटेशन जवळ घेऊन बसा.