ट्रेलरवर मावणारी शिडाची होडी

प्रश्न : मी पालेगावात राहतो. गाडीमागे ओढून नेता येईल अशी छोटी शिडाची होडी स्वतः बांधायची आहे. आराखडा कसा निवडू?

उत्तर : आधी तळ पाहा. वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्याखाली पाते लागते. ते पक्के असेल तर होडी ट्रेलरवर उंच बसते, उतरवायलाही खोल पाणी हवे. म्हणून वर ओढता येणारे पाते घ्या. पात्याची पेटी तळाला जिथे जोडली जाते तिथूनच गळती सुरू होते; त्या सांध्याला हवा तेवढा वेळ द्या.

पहिल्या बांधणीसाठी मी १९६३ची ‘मिरर’ सुचवीन. लांबी ३.३ मीटर, सांगाडा सुमारे ४५ किलो. प्लायवुडचे तक्ते तारेने शिवून सांधे फायबरग्लास आणि रेझिनने भरतात. प्लायवुड आयएस ७१० दर्जाचेच आणा. पावसाळ्यात रेझिनचे काम टाळा, दमट हवा सांधे बिघडवते.

गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौकाही लाकूड आणि फायबरग्लासचीच, २००९-१०मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

ट्रेलरची आरटीओत नोंदणी करा. तुमच्या जवळच्या बारवी धरणाचे पाणी पिण्याचे आहे, तिथे परवानगीशिवाय होडी घालू नका.